परदेशात औषधपाणी: निघण्याआधी इथे काय करायचं, आजारी पडल्यावर तिथे काय करायचं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या सेक्टर सतरामधल्या ठरलेल्या मेडिकलमध्ये गेलं की चिठ्ठी कुणी मागत नाही. "काकांची बीपीची ना?" एवढं विचारलं जातं आणि स्ट्रिप काउंटरवर येते. पूर्ण नको असेल तर कात्रीने सहा गोळ्या कापूनही मिळतात. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती फक्त आपल्याकडची आहे, हे परदेशात गोळ्या संपल्यावरच ध्यानात येतं. लंडन, अमेरिकेतलं सॅन होजे किंवा सिंगापूरच्या फार्मसीत भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी सहसा चालत नाही. आपल्या गोळीचं ब्रँडचं नाव तर काउंटरपलीकडच्या माणसाने कधी ऐकलेलंही नसतं. म्हणून तिकडे वेळेवर औषध मिळणार की नाही, हे बरंचसं निघण्याआधीच्या महिन्यात आपण इथे काय केलं त्यावर ठरतं.

आधी नावांचा कागद

घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिप टेबलावर उलट्या मांडा. मागच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं नाव असतं. त्याच्याजवळच खरं औषध लिहिलेलं असतं: टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ., ॲम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ., असं. परदेशी डॉक्टरला हे खऱ्या औषधाचं नाव हवं असतं. ते इंग्रजीत टाइप करा आणि प्रत्येक औषधापुढे तीन गोष्टी लिहा: किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कशासाठी. त्याच पानावर रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे (पेनिसिलिन आणि सल्फा आवर्जून), झालेल्या शस्त्रक्रिया, फॅमिली डॉक्टरांचा +९१ सह नंबर आणि घरातल्या एका माणसाचा नंबर येऊ द्या. सगळं एका पानात बसवा. इमर्जन्सीमध्ये दुसरं पान उलटायला कुणाला वेळ नसतो.

हे करताना एक अडचण हमखास दिसते. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत घालायची पद्धत फार आहे. डायबेटिसची ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधांची गोळी इथे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मिळत नाही. त्यामुळे कागदावर तिन्ही घटक वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकाचं प्रमाण देऊन लिहा. तिथला डॉक्टर ते सुटे देऊ शकतो किंवा पर्याय शोधू शकतो.

काही औषधं तर त्या देशात विकलीच जात नाहीत. ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, बीपीची सिल्निडिपिन, दुखण्यावरची ॲसिक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड, मळमळीवरची डॉमपेरिडोन: यांतलं एकही अमेरिकेतल्या फार्मसीत मिळणार नाही. यांपैकी एखादं रोजचं असेल आणि मुक्काम लांबणार असेल, तर "हे संपलं तर त्याऐवजी काय?" हा प्रश्न इथल्याच डॉक्टरांना विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. सॅन होजेतला डॉक्टर व्होग्लिबोज हे नाव पहिल्यांदाच वाचत असेल, तर तो बिचारा अंदाजाने पर्याय कसा देणार?

नावाचे आणखी दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे औषध तेच, पण नाव वेगळं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये ॲसिटॅमिनोफेन होतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन, रिफॅम्पिसिन तिथे रिफॅम्पिन. दुसरा सापळा जास्त वाईट आहे, तिथे नाव तेच असतं पण औषध वेगळं. फ्लोमॅक्स अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचं टॅम्सुलोसिन आहे, इटलीत मात्र त्याच नावाने सूज-वेदनेवरचं निराळंच औषध विकलं जात होतं. तेव्हा ब्रँडचं नाव सांगून औषध मागू नका. कागद दाखवा.

डॉक्टरांचं पत्र आणि पासपोर्टवरचं नाव

रोजच्या औषधांसाठी फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजी पत्र घ्या. त्यात रुग्णाचं नाव, आजार, प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण, रोजचा डोस, प्रवासाचे दिवस आणि सोबत नेत असलेली एकूण संख्या असू द्या. खाली सही, शिक्का, तारीख आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक नसेल तर पत्र परत द्या आणि घालून मागा. कस्टम्सच्या अधिकाऱ्याला डॉक्टर खरा आहे की नाही, हे पडताळायला तेवढी एकच गोष्ट हाताशी असते.

नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे इथे हमखास घोळ होतो. दवाखान्याच्या फाइलवर "नंदाताई पाटील", पासपोर्टवर "सुनंदा विनायक पाटील" आणि जुन्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव. डॉक्टरांना ओळख पटते, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पटत नाही. पत्र घ्यायला जाताना पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत न्या.

हृदयरोग असेल तर शेवटच्या ईसीजीची प्रत आणि स्टेंट किंवा पेसमेकरचं कार्ड ठेवाच. छातीत दुखतंय म्हणून तिथे नवा ईसीजी काढला तर डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, "हा बदल आजचा की आधीपासूनचा?" जुना ईसीजी समोर असेल तर उत्तर लगेच मिळतं. नसेल तर ॲडमिट करून तपासण्या सुरू होतात आणि बिल त्याच वेगाने चढतं.

किती गोळ्या, कशा न्यायच्या

हिशेब सोपा आहे. मुक्कामाचे दिवस अधिक दहा, गुणिले रोजच्या गोळ्या. पंचेचाळीस दिवसांच्या सहलीला मेटफॉर्मिन दिवसातून दोनदा असेल तर पंचावन्न गुणिले दोन, म्हणजे एकशेदहा. स्ट्रिप पंधराची असेल तर आठ स्ट्रिप. ते दहा दिवस फ्लाइट रद्द होणं, बॅग उशिरा येणं आणि बाथरूममध्ये दोन गोळ्या सांडणं यांसाठी.

पूर्ण स्ट्रिप आणि नावाचं पक्कं बिल घ्या, कापलेले तुकडे नकोत. एक्स्पायरी आणि बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला असतो, तो भाग कापला गेला की उरलेल्या तुकड्यावरून काहीच सिद्ध करता येत नाही. सोमवार ते रविवार अशा खणांच्या डबीत गोळ्या भरून विमानात बसू नका. डबी रिकामी न्या आणि मुक्कामाला पोहोचल्यावर भरा. सुट्या, बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या कस्टम्सला कधीच आवडत नाहीत.

औषधं केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग हरवू शकते. शंभर मि.लि.च्या वरचं सिरप गरजेचं असेल तर औषधांना सूट मिळते, पण ते सिक्युरिटीला आपणहून बाहेर काढून दाखवायचं आणि चिठ्ठी जवळ ठेवायची. सगळ्या स्ट्रिपचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पत्राची पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. फोन चोरीला गेला तरी ते कुणाच्या तरी फोनवर मिळतील.

मुलीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना साधारण नव्वद दिवसांपुरत्या औषधांची आहे, व्हिजिटर म्हणून मुक्काम मात्र सहा महिन्यांपर्यंत मिळतो. उरलेले तीन महिने कसे भागवायचे? तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाला स्वतःसाठी औषधं टपालाने मागवता येतात. पाकिटात पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि इंग्रजी चिठ्ठी हवी. पार्सल आजारी माणसाच्या नावाने पाठवायचं, मुलाच्या नावाने नाही. औषधं संपायच्या किमान पाच आठवडे आधी पाठवा, कारण पार्सल तपासणीत अडकलं तर दोन आठवडे सहज जातात.

कुठल्या गोळीने अडचण होते

इथे अगदी साध्या वाटणाऱ्या काही गोळ्या काही देशांत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. ट्रामाडोल (दुखण्यावरच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत असतं), कोडीन (काही कफ सिरपांत), अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, एडीएचडीवरचं (लक्ष टिकत नाही अशा विकारावरचं) मिथाइलफेनिडेट. आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेलं एक नाव: प्रेगाबालिन. पायांत मुंग्या, जळजळ होते म्हणून डायबेटिसच्या असंख्य रुग्णांना ते मिथाइलकोबालामिनसोबत दिलं जातं आणि घरात त्याला "नसांच्या व्हिटॅमिनची गोळी" म्हणतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषध आहे, संयुक्त अरब अमिरातीतही आहे.

याची किंमत किती मोठी असू शकते ते २०१७ मध्ये दिसलं. इजिप्तमध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेच्या बॅगेत ट्रामाडोलच्या २९० गोळ्या सापडल्या आणि न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

दुबईला जाताना यादीत असलं काही असेल तर अमिराती सरकारच्या ऑनलाइन सेवेतून आधी परवाना काढा. पासपोर्ट, चिठ्ठी आणि डॉक्टरांचं पत्र अपलोड करावं लागतं, निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. सिंगापूरला कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या न्यायच्या असतील तर तिथल्या हेल्थ सायन्सेस ॲथॉरिटीची मंजुरी लागते का ते पाहा, लागत असल्यास किमान दहा कामाचे दिवस आधी अर्ज करा. जपानचे नियम सगळ्यांत काटेकोर आहेत. चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची असतील तर "युन्यू काकुनिन-शो" हे प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्या तिथे बेकायदा आहेत. सर्दीची स्ट्रिप उलटी करून वाचायला एक मिनिट लागतं, तेवढं वाचा.

ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिन्यांपेक्षा कमी दिवसांचं असेल तर वेगळा परवाना लागत नाही, ते तुमचंच असल्याचा पुरावा मात्र हवा. अशी औषधं ज्याची त्याच्याच बॅगेत ठेवा. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या आजीच्या पर्समध्ये नकोत.

आयुर्वेदिक औषधांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं, रसौषधींत आणि काही भस्मांत पारा किंवा शिसं असतं, आणि अनेक देशांत जड धातूंच्या कारणावरून ती जप्त होतात. बाटलीवर घटक इंग्रजीत छापलेले नसतील तर ती घरीच ठेवा. आणि जाता जाता फराळाचं. अनारशांवरची खसखस अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये प्रतिबंधित आहे. दुबईतल्या मुलाला दिवाळीला अनारसे पाठवायचे असतील तर खसखशीऐवजी तीळ लावा, किंवा चकल्या पाठवा.

इन्सुलिन: चाळीस आणि शंभर

सगळ्या मुद्द्यांत जीव घेऊ शकेल अशी चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून वाचा. भारतात इन्सुलिनची कुपी बहुधा एका मि.लि.त ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची. अमेरिका, युरोप, आखात, बहुतेक सगळीकडे कुपी १०० युनिटची असते आणि सिरिंज नारिंगी टोपीची. समजा, तुम्ही वीस युनिट घेता. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा मि.लि. होतो. तिकडे कुपी संपली, तिथली १०० ची कुपी घेतली आणि सवयीने आपल्याच लाल सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर त्या अर्ध्या मि.लि.त पन्नास युनिट जातात. म्हणजे अडीचपट. शुगर कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. उलटी चूकही होते: ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज, म्हणजे वीसच्या जागी फक्त आठ युनिट, आणि शुगर चढत राहते.

उपाय दोनच. जाण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून पेनवर या, कारण पेनचं कार्ट्रिज आपल्याकडेही १०० युनिटचंच असतं (तीन मि.लि.त तीनशे युनिट) आणि जगभर तेच चालतं. किंवा कुपीसोबत तिच्याच टोपीच्या सिरिंज पुरेशा न्या आणि तिकडची नवी कुपी घेतली तर त्याच फार्मसीतून तिची सिरिंजही घ्या. दोन रंगांच्या सिरिंज एका पाऊचमध्ये ठेवू नका.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीच नको, सामानाच्या कप्प्यात तापमान इतकं उतरू शकतं की ते गोठतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला ठीक असलं तरी निकामी असतं. आइस पॅकला थेट टेकवूनही ठेवू नका, मध्ये जाड रुमाल घाला. न उघडलेलं दोन ते आठ अंश सेल्सिअसला, वापरात असलेलं साध्या खोलीच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकतं. हॉटेलच्या मिनीबारमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर गोठू शकतं, दारातल्या कप्प्यात ठेवा.

ग्लुकोमीटर आपलंच न्या, स्ट्रिपसह. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर वेगळ्या एककात मोजतात: आपला आकडा भागिले अठरा. तिथल्या नर्सने "दहा" म्हटलं तर ती आपल्याकडची १८०. "दहा? म्हणजे खूपच कमी!" असं समजून साखर खाऊ नका. एचबीए१सीचंही (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचंही) तसंच, आपले सात टक्के म्हणजे ब्रिटनमधले ५३.

वेळेतला फरक हा इन्सुलिनवाल्यांचा आणखी एक प्रश्न. न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे, म्हणजे जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो. बीपीची रोजची एक गोळी काही तास पुढेमागे झाली तर सहसा बिघडत नाही. लांब काम करणाऱ्या इन्सुलिनचं तसं नाही. विमानाच्या वेळा डॉक्टरांसमोर ठेवा आणि कुठला डोस किती वाजता, कुठल्या घड्याळाने, हे लिहून घ्या.

विमा

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून लोक तो घेतात. थायलंड, व्हिएतनामला सहसा सक्ती नसते म्हणून टाळतात. हे उलटं आहे. तिथली चांगली खासगी हॉस्पिटलं विदेशी पेशंटकडून ॲडमिट करण्याआधीच डिपॉझिट मागतात. अमेरिकेला साठीच्या पुढचे आईवडील जाणार असतील तर पन्नास हजार डॉलरचं कव्हर आमच्या मते अपुरं आहे, निदान लाखाचं घ्या.

पॉलिसी घेताना तीन ओळी शोधून वाचा. एक, आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय: बऱ्याच पॉलिसी ते वगळतात किंवा फक्त जिवावरच्या प्रसंगी देतात. दोन, डिडक्टिबल, म्हणजे पहिले इतके डॉलर तुम्ही भरायचे. तीन, वय साठच्या वर असेल तर आयसीयू, सर्जन, रूम यांना वेगवेगळ्या मर्यादा आहेत का. मोठ्या आकड्याच्या पॉलिसीतही या पोटमर्यादा लहान असतात. बीपी-शुगर लपवून प्रीमियममध्ये हजार-दोन हजार वाचवू नका. तिथल्या केसपेपरवर डॉक्टर "दहा वर्षांपासून डायबेटिस" असं लिहितोच, आणि क्लेम त्याच ओळीवर अडतो.

विमा कंपनीचा १८०० ने सुरू होणारा नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. पॉलिसीवर परदेशातून लावायचा + चा नंबर असतो, तो फोनमध्ये आणि नावांच्या कागदावर, दोन्हीकडे लिहा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. नव्या कार्डांवर ते बंद असतात, आणि डिपॉझिट भरताना ते कळणं फार वाईट.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांना जायचं असेल तर यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला दाखला चालत नाही. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

तिकडे आजारी पडलात तर

छातीत दाब, धाप, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू लुळी, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव: यात विमा, भाषा, खर्च काही बघायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची. अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघात ११२, अमिरातीत ९९८, सिंगापूरमध्ये ९९५, जपानमध्ये ११९, थायलंडमध्ये १६६९, व्हिएतनाममध्ये ११५, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, श्रीलंकेत १९९०. हॉटेलात असाल तर आधी रिसेप्शनला सांगा, पत्ता तिथल्या भाषेत तेच नीट सांगतील. ग्रुप टूरमध्ये असाल तर टूर मॅनेजरला मध्यरात्रीही उठवा, त्याच्यासाठी ते नवीन नाही.

एवढं गंभीर नसेल तर पायरीपायरीने जा. सर्दी, जुलाब, अंगदुखीला आधी फार्मसीत विचारा, तिथला फार्मासिस्ट बहुधा नीट सल्ला देतो. युरोपात हिरव्या क्रॉसची पाटी शोधा. जर्मनीत साधं पॅरासिटामॉलही सुपरमार्केटमध्ये नाही, "आपोथेके"तच मिळतं. रविवारी ती बंद असतात, पण दारावर आज कुठलं उघडं आहे ते लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये उलट, सुपरमार्केटमध्ये पॅरासिटामॉल मिळतं, पण सोळा गोळ्यांची पाकिटंच आणि तीही मोजून. अँटिबायोटिक मात्र या देशांत सहसा कुणी चिठ्ठीशिवाय देणार नाही, वाद घालून उपयोग नाही.

सर्दीची तयार पावडर किंवा सिरप घेताना त्यात आधीच पॅरासिटामॉल आहे का, ते पाहा. आपली ६५० ची गोळी आणि वर तिथलं गरम पाण्यात घालून प्यायचं सर्दीचं पाकीट, असं दोन्ही घेतलं की दिवसाची चार ग्रॅमची कमाल मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही, आणि त्याची किंमत लिव्हर मोजतं. जुलाबासाठी ओआरएसची पाच-सहा पाकिटं इथूनच न्या. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं आणि त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

डॉक्टरच हवा असेल तर जाण्याआधी विमा कंपनीला फोन करा, त्यांच्या जाळ्यातलं क्लिनिक विचारा आणि केस नंबर लिहून घ्या. अमेरिकेत ताप, टाके, मोचलेला पाय यासाठी "अर्जंट केअर" क्लिनिक बघा. तेच काम हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूममध्ये कितीतरी पटींनी महाग पडतं. मात्र खरी इमर्जन्सी असेल आणि खिशात काही नसलं, तरी मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला १९८६ च्या कायद्याने तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतंच. ब्रिटनमध्ये तातडीचं नसेल तर १११ ला फोन करा. तिथे ए अँड ई (म्हणजे इमर्जन्सी) विभागातले प्राथमिक उपचार पर्यटकालाही मोफत आहेत, वॉर्डात ॲडमिट केलं की बिल सुरू होतं.

भाषेची अडचण असेल तिथे भाषांतराच्या ॲपमधली त्या देशाची भाषा इथल्याच वायफायवर डाउनलोड करून ठेवा आणि नावांचा कागद समोर धरा. औषधांची मूळ नावं बहुतेक देशांतल्या डॉक्टरांना कळतात. ठाण्यातल्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल जरूर करा, तिकडच्या डॉक्टरला माहिती देण्यात त्याचा फार उपयोग होतो, पण त्यांच्या व्हॉट्सॲपवरच्या चिठ्ठीवर तिथे औषध मिळेल अशी आशा धरू नका.

भारतीय दूतावास हॉस्पिटलचं बिल भरत नाही. तो घरच्यांशी संपर्क, पासपोर्ट हरवल्यास कागदपत्रं आणि मृत्यूसारख्या प्रसंगी परवानग्या यात मदत करतो. त्यांचा चोवीस तासांचा नंबर आधी शोधून ठेवा.

कागद गोळा करूनच बाहेर पडा

हॉस्पिटल सोडताना डिस्चार्ज समरी, प्रत्येक गोष्टीचा वेगळा आकडा असलेलं सविस्तर बिल, पैसे भरल्याची पावती, रिपोर्ट आणि चिठ्ठ्या घ्या. शक्य असेल तिथे इंग्रजीत मागा, नाहीतर इथे आल्यावर भाषांतराचा खर्च आणि वेळ दोन्ही जातात. अपघात असेल तर पोलिसांचा अहवालही घ्या. क्लेमसाठी कंपनी पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के मागते, आणि सिंगापूरसारख्या ठिकाणी आता शिक्केच मारत नाहीत. युरोपातही ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी डिजिटल नोंद सुरू झाली आहे. त्यामुळे बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडून काम झालं नाही तर १५५२५५ वर किंवा विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते, आणि त्यापुढे विमा लोकपालाकडे, नकारानंतर एका वर्षाच्या आत.

घरी परतल्यावर पहिल्या आठवड्यात तिकडून आणलेली सगळी औषधं पिशवीत भरून आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तिथे सुरू झालेल्या नव्या नावाच्या गोळीत आणि घरातल्या जुन्या स्ट्रिपमध्ये एकच औषध असतं, असं बऱ्याचदा होतं. दोन्ही सुरू ठेवलेल्या पेशंटला चक्कर येते, बीपी नव्वदवर उतरतं आणि सगळे जेट लॅगला दोष देत बसतात. तिकडच्या डबीवरचं बारीक अक्षर नावांच्या कागदाशी ताडून पाहा.